१०,३६३ स्नॅप आणि प्लेऑफ शून्य : जो थॉमसची कारकीर्द फुकट गेली का?

एरीकाठचा :

परवा शेजारच्या धाग्यावर 'कधीच काही न जिंकलेले महान खेळाडू' हा विषय निघाला आणि सगळी मंडळी क्रिकेट-टेनिसवर सुटली. मी मध्येच जो थॉमसचं नाव टाकलं, तर तिघांनी "हा कोण?" म्हणून विचारलं. तिथे विषयांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

क्लीव्हलंड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधला संघ. मी या गावात राहतो, तेव्हा नशिबी तोच आला. थॉमस २००७ ते २०१७ या संघाचा लेफ्ट टॅकल होता. एनएफएलमधल्या पहिल्या सामन्यापासून २२ ऑक्टोबर २०१७ पर्यंत संघाचं आक्रमण मैदानात असताना हा माणूस एकदाही बाहेर बसला नाही. एका डावापुरता नाही, की बुटाची नाडी तुटली म्हणूनही नाही. सलग १०,३६३ स्नॅप (एक स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारी एक चाल). लीगने १९९९ पासून स्नॅप मोजायला घेतले, तेव्हापासून इतकी लांब मालिका दुसऱ्या कोणाची नाही. आणि या काळात त्याने सुरुवात केलेल्या १६७ सामन्यांपैकी ब्राउन्स जिंकले ४८. उरलेले ११९ हरले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमणाच्या ११ जणांपैकी पाच जण चेंडूच्या रेषेवर ओळीने उभे असतात. मधला सेंटर, जो पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्याकडे, देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. अंगावर ५० ते ७९ मधला नंबर. पुढे फेकलेला पास यांनी झेलायचा नाही, झेलायचाच असेल तर आधी पंचाला सांगून यायचं. काम एकच : समोरून येणाऱ्या सव्वाशे किलोच्या, तुमच्याहून चपळ माणसाला अडवायचं, म्हणजे मागे क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळतील. समोरच्याला धरून ठेवलं तर होल्डिंग, १० यार्ड मागे. चेंडू हलायच्या आधी जरा जरी हललात तर फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. १९७८ पर्यंत तर हात पुरते लांब करून, पंजे उघडून अडवायलाही मुभा नव्हती. त्या वर्षी नियम बदलला, आणि आज आपण बघतो तो पासवर चालणारा खेळ तिथून फोफावला.

आता डावीच बाजू का, तर क्वार्टरबॅक बहुतेक उजव्या हाताने फेकणारे. फेकायला वळला की डावीकडे त्याची पाठ होते. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमनला पाडलं, पायाचं हाड मोडलं, आणि टीव्हीवर थेट दिसत असताना त्याची कारकीर्द संपली. वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल त्या रात्री दुखापतीमुळे खेळत नव्हता. डाव्या टॅकलला पुढे जे मोल आलं त्याच्या गोष्टीत ही रात्र हटकून येते.

थॉमसचा एक स्नॅप नीट बघा, जुन्या क्लिपा आहेत. चेंडू हलताक्षणी डावा पाय तिरका मागे सरकतो, उजवा त्याच्यामागे जमिनीला जवळजवळ घासत. याला किक-स्लाइड म्हणतात. कंबर खाली, पाठ सरळ, हात छातीजवळ. हात लवकर बाहेर काढले की समोरचा ते झटकून निघून जातो, उशीर केला तर तो छातीवर येऊन आदळतो. थॉमस दरवेळी वेगळं करायचा. कधी मागे सरकत नेत राहायचा, कधी पहिल्याच पावलाला अंगावर जायचा, त्यामुळे समोरच्याला अंदाजच येत नसे. सगळं होऊन क्वार्टरबॅकने चेंडू फेकला, की कॅमेरा चेंडूमागे जातो. थॉमसने काय केलं ते कोणीच बघत नाही.

आता त्याची कहाणी. विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा मुलगा, साडेसहा फूट उंच, विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळला, तिथे गोळाफेकही केली. २००७ च्या ड्राफ्टला (इथे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात) न्यूयॉर्कच्या मंचावर यायचं निमंत्रण होतं. हा गेला नाही. वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात होडी घेऊन मासे पकडायला गेला, आणि तिसऱ्या क्रमांकावर ब्राउन्सनी आपल्याला निवडलं हे त्याला होडीत कळलं. पहिल्याच मोसमात संघ १०-६, म्हणजे दहा जिंकले, सहा हरले. प्लेऑफ टायब्रेकवर हुकला. सगळ्यांना वाटलं, चला, दिवस पालटले. पण त्याची सगळ्यात चांगली टीम तीच. त्यानंतर एका मोसमात सातपेक्षा जास्त विजय कधी मिळालेच नाहीत. २०१६ ला १-१५. २०१७ ला ०-१६.

सहा मुख्य प्रशिक्षक आले-गेले. त्याच्या पाठीमागे सामना सुरू करणारे क्वार्टरबॅक वीस बदलले. या गोंधळात तो सलग पहिल्या दहाही वर्षी प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला, आणि सहा वेळा लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात. शेवटी टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला. मार्च २०१८ मध्ये निवृत्त, २०२३ मध्ये पात्र ठरताच पहिल्या फटक्यात हॉल ऑफ फेम.

माझं मत स्पष्ट आहे : फुकट गेली नाही. हरणाऱ्या संघातल्या लाइनमनला जय-पराजयाच्या रकान्यात मोजणंच चूक. त्याचा सामना तीन सेकंदांचा असतो, आणि तो त्याने दहा हजार वेळा खेळला. पण माझ्या हापिसातले लोक हे ऐकत नाहीत. तुमचं काय?

खडीसाखर :

छान लिहिलंय, पहिल्यांदाच या खेळातलं काही डोक्यात शिरलं. पण मला हे पाच जण कबड्डीतल्या साखळीसारखे वाटले. एकाने हात सोडला की रेडर निसटला. आणि एक शंका : धावा नाहीत, गोल नाहीत, झेल नाहीत, मग हा चांगला आणि तो वाईट हे ठरवतं कोण?

एरीकाठचा :

@खडीसाखर, ओळ म्हणून उपमा पटली, पण कबड्डीत पकडणं हेच काम. इथे पकडलं की शिट्टी.

शंका मात्र मुद्द्याची आहे. सॅक झाला, म्हणजे फेकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडलं, की तो पाडणाऱ्याच्या नावावर लागतो, कोणाच्या चुकीने झाला ते लीगच्या अधिकृत नोंदीत येत नाही. खाजगी कंपन्या फिल्म बघून तो हिशेब ठेवतात, आणि त्यावर लाइनमन मंडळी कायम चिडलेली असतात. कारण बाहेरच्याला योजना काय होती हे माहीतच नसतं. टॅकल हरला असं दिसतं, आणि प्रत्यक्षात गार्डने आत मदत द्यायची विसरलेली असते. खरा निकाल संघाच्या खोलीत लागतो. सामन्यानंतर प्रशिक्षक फिल्म लावतो, एकेक स्नॅप पुढेमागे करत प्रत्येकाला गुण देतो. साठ स्नॅप चांगले आणि दोन वाईट असतील, तर त्या दोनांवरच अर्धा तास जातो.

फिलीतला_फिरस्ता :

ब्राउन्सवाल्यांचं रडगाणं संपलं असेल तर जरा फिलाडेल्फियाकडे वळूया.

आमचा जेसन केल्सी. तोही मूळचा तुमच्याच क्लीव्हलंड हाइट्सचा, बरं का. सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाला, तेही लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, म्हणून. तिथे त्याला लाइनवर हलवलं. २०११ च्या ड्राफ्टला सहाव्या फेरीत, १९१ वा. कारण काय, तर सेंटरच्या मानाने अंगाने लहान. पुढे १३ मोसम फिलाडेल्फिया ईगल्सकडे, सलग १५६ सामन्यांत सुरुवात, सात प्रो बोल. सेंटरला निव्वळ दांडगाई पुरत नाही. चेंडू द्यायच्या आधी समोरची मांडणी वाचून बाकीच्या चौघांना कोण कुणाला घेणार ते ओरडून सांगायचं असतं. परक्या मैदानावर सत्तर हजार लोक बोंबलत असताना आवाजच पोचत नाही, मग क्वार्टरबॅकने पाय उचलला की गार्ड सेंटरला थोपटतो, सेंटर मान हलवतो आणि मग चेंडू. हे तिथल्या तिथे बिनचूक व्हायचं, नाहीतर फॉल्स स्टार्ट.

ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकल्यावरची फेब्रुवारी २०१८ ची विजययात्रा आठवते का? केल्सीने आमच्या नववर्षाच्या ममर्स परेडचा तो झगमगीत हिरवा-जांभळा पोशाख चढवून शिव्यांसकट भाषण ठोकलं. एका लाइनमनचं भाषण अख्खं शहर पाठ म्हणून दाखवतं, असं दुसरं उदाहरण सांगा.

आणि जॉर्डन मायलाटा! सिडनीचा, सामोअन घरातला, रग्बी लीगवाला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ वा निवडला गेला. सहा फूट आठ इंच. हेल्मेट कसं घालायचं इथपासून सुरुवात. लाइनचा प्रशिक्षक जेफ स्टाउटलंडने त्याला दोन वर्षं घासला, २०२० मध्ये पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरांत आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल. त्याच्यापुढे जन्मजात प्रतिभा वगैरे बाता कुणी मारू नयेत. ही जागा शिकवता येते.

बाराखडी :

धागाकर्त्याशी असहमत. लेख वाचताना थॉमस म्हणजे गावासाठी सर्वस्व सोडून बसलेला साधू वाटतो. २०११ मध्ये त्याने सात वर्षांचा, ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, त्यातले ४ कोटी ४० लाख हमीचे. निष्ठा कसली, नोकरी होती आणि पगार उत्तम होता. त्यात गैर काही नाही, पण त्याला त्यागाचा मुलामा नको.

दुसरं. २०१५ च्या मोसमात डेन्व्हर ब्रॉन्कोज त्याला घ्यायला निघाले होते, व्यवहार शेवटच्या क्षणी फिसकटला. त्याच मोसमात डेन्व्हरने सुपर बोल ५० जिंकला. म्हणजे विजेत्यांना मिळणारी अंगठी हातातोंडाशी आली होती आणि ब्राउन्सच्या कार्यालयातल्या कुणाच्या तरी घासाघिशीने गेली. संघ उभारायचा नाही, आणि चांगल्या माणसाला जाऊही द्यायचं नाही. फुकट गेली असं मी थॉमसबद्दल नाही म्हणणार, पण ती *घालवली* गेली. मालकांनी.

एरीकाठचा :

@बाराखडी, मालकांबद्दल एक अक्षर खोडणार नाही, उलट चार जोडेन. ड्राफ्ट, प्रशिक्षक, क्वार्टरबॅक, तिन्हींत इतकी वर्षं माती खाणं यालाही चिकाटी लागते.

त्याग मीही म्हटलेलं नाही. पैसे घेतले, घेतलेच पाहिजेत. पण पैसे घेतलेला माणूस १-१५ च्या मोसमात डिसेंबरच्या थंडीत, सामना कधीच हातातून गेलेला असताना चौथ्या सत्रातला स्नॅप पहिल्यासारखाच खेळतो, ते करारात लिहिलेलं नसतं. तिथे अंग चोरलं तरी कुणाला कळलं नसतं. कळलं असतं फक्त क्वार्टरबॅकच्या बरगड्यांना.

एक गंमत सांगतो. २० सप्टेंबर २०१८ ला ब्राउन्सनी थॉमसच्या सन्मानार्थ स्टेडियममध्ये १०,३६३ हा आकडा कायमचा लावला. त्याच रात्री न्यूयॉर्क जेट्सना २१-१७ हरवून संघ ६३५ दिवसांनी पहिल्यांदा जिंकला. तो निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत! आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बाराखडी :

पनवती तोच होता म्हणायचं ;)

नाडीपरीक्षा :

मंडळी, खेळ झाला, आता शरीराकडे बघू. माझा व्यवसाय त्यातला आहे.

थॉमस खेळताना ३१२ पौंडांचा, म्हणजे १४० किलोच्या वर. तो मूळचा तसा नव्हताच. हे वजन टिकवायला भूक असो-नसो, दर दोन तासांनी खावं लागायचं असं त्याने पुष्कळदा सांगितलंय. निवृत्तीनंतर काही महिन्यांत जवळपास ५० पौंड उतरवले. नवे फोटो बघा, ओळखू येत नाही. सगळ्यांना हे जमत नाही. खेळ थांबतो, ताट तेवढंच राहतं, आणि मग रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघे. लाइनमनच्या निवृत्तीचं पहिलं वर्ष हे माझ्या मते ड्राफ्टइतकंच निर्णायक असतं.

दुसरा मुद्दा डोक्याचा. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर, सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला. शेवटी बेघर, गोंधळलेला, २००२ मध्ये पन्नाशीत गेला. त्याचा मेंदू डॉ. बेनेट ओमालूंनी तपासला, आणि एनएफएल खेळाडूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडल्याची ती पहिली नोंद. लाइनमनला मोठी टक्कर क्वचितच बसते, पण जवळजवळ प्रत्येक स्नॅपला छोटी बसते. थॉमसचे १०,३६३ तुम्ही अभिमानाने मोजताय, मी तोच आकडा वेगळ्या नजरेने वाचते. २०१७ मध्ये, खेळत असतानाच, त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं की स्मरणशक्तीवर परिणाम आत्ताच जाणवतोय.

त्याच वर्षी २५ जुलैला बॉस्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. एनएफएलमधल्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई. यावरून सगळ्याच खेळाडूंना तो होतो असं कुणी म्हणू नका. त्रास दिसला म्हणूनच घरच्यांनी मेंदू दान केलेले, नमुना मुळातच कललेला. तरीही आकडा गिळता येत नाही. दोनच दिवसांनी बाल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड जॉन अर्शेल वयाच्या २६ व्या वर्षी निवृत्त झाला. तो तेव्हा एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. २०१५ च्या सराव शिबिरात एकदा डोक्याला मार बसून त्याला आघात झाला होता, आणि काही काळ अवघड गणित सुचेना, हे त्याने सांगितलंय. तीन मोसम खेळून निघाला, २०२१ मध्ये पीएचडी झाली, आता तिथेच शिकवतो. या धाग्यात मला आदर्श कारकीर्द विचारलीत तर मी अर्शेलची सांगेन.

फिलीतला_फिरस्ता :

@नाडीपरीक्षा, दंडवत. पण तीन मोसम हे खेळाडूंच्या दृष्टीने काही थोडे नाहीत. खेळाडू संघटना सरासरी कारकीर्दच सव्वातीन वर्षांच्या आसपास सांगते, आणि पेन्शनचा हक्क तीन मोसमांनी लागतो. थॉमस, केल्सी किंवा १९ मोसमांत २९६ सामने आणि पाचही जागांवर खेळलेला ब्रूस मॅथ्यूज ही अपवादातली माणसं. बाकीचे सराव संघात वर्ष काढतात, मंगळवारी कमी केले जातात, बुधवारी दुसऱ्या गावी विमानाने जाऊन नवी योजना पाठ करतात. त्यांच्यावर धागे निघत नाहीत.

मुक्काम_कोलंबस :

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. माझा मुलगा इथे हायस्कूलच्या ज्युनियर व्हर्सिटीत (दुसऱ्या फळीच्या संघात) राइट गार्ड आहे. आईबाबा पुण्याहून आले की विचारतात, "याच्याकडे चेंडू कधी येतो?" येत नाही हो, कधीच येत नाही. बाबा पूर्ण सामना बघतात आणि शेवटी "पण छान उभा होता" म्हणतात.

सामन्यानंतर गाडीत बसला की दोन्ही हातांच्या बोटांवरची टेप सोलून काढतो. मधलं बोट कायम सुजलेलं, समोरच्याच्या जर्सीत अडकून. पॅडचा वास इतका की ती पिशवी गॅरेजच्या आत घेत नाही. सकाळी सहा अंडी, डब्यात दोन जणांचं जेवण, सरावानंतर पुन्हा पोळ्या. वजन वाढव म्हणून प्रशिक्षक मागे लागलेत. नाडीपरीक्षाताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. थांबवावं का त्याला?

नाडीपरीक्षा :

@मुक्काम_कोलंबस, तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण तीन गोष्टी नक्की विचारा. अंगावर जाण्याचा सराव आठवड्यातून किती दिवस आहे? डोक्याला लागलं तर त्याच दिवशी पुन्हा खेळवत नाहीत ना? सामन्याला आणि सरावाला प्रशिक्षित ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो का? वजन वाढवायची घाई या वयात अजिबात नको. आणि मुलाला एवढंच पक्कं सांगून ठेवा की डोकं गरगरलं तर लपवायचं नाही. लाइनवरची मुलं लपवतात, कारण आपण बाहेर गेलो तर शेजारचा उघडा पडेल असं त्यांना वाटतं.

मुक्काम_कोलंबस :

धन्यवाद ताई. ट्रेनर आहेत. बाकीचं उद्या प्रशिक्षकांना विचारते. आणि शेजारचा उघडा पडेल हे तो हुबेहूब म्हणतो!

बाराखडी :

नाडीपरीक्षा यांच्या प्रतिसादानंतर माझा अंगठीचा मुद्दा फारच किरकोळ वाटायला लागलाय. तरीही डेन्व्हरला पाठवायलाच हवं होतं. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

खडीसाखर :

आता एखादा सामना बघावा म्हणते. टीव्हीवर नेमकं काय बघायचं? तुम्हीच म्हणालात की कॅमेरा चेंडूमागे जातो.

एरीकाठचा :

@खडीसाखर, चेंडू सोडून द्या. चेंडू हलायच्या आधी सेंटर बोट दाखवून काय सांगतोय ते बघा. मग डावीकडच्या शेवटच्या माणसाचे पाय, फक्त पाय. पाय एकमेकांवर चढले की तो हरला समजा, पुढचं बघायची गरज नाही. आणि गोलरेषेमागून दाखवलेला रिप्ले चुकवू नका, पाचही जण एका नजरेत येतात ते तिथेच. सुरुवातीला डेट्रॉइटचा पेनेई सूअल बघा. तो उजवा टॅकल आहे, पण इतका चपळ की नवख्यालाही फरक दिसतो. २०२४ मध्ये चार वर्षांचे ११ कोटी २० लाख डॉलर उगाच नाही दिले त्याला.

खडीसाखर :

उजवा टॅकल म्हणजे आपल्या उजवीकडचा की त्याच्या?

एरीकाठचा :

त्याच्या. पाठीमागून बघताय असं समजा.